बारकूचे उपास

बारकू हे त्याचं नाव नव्हतं. त्याचं आडनाव बार्कर. पहिल्या दिवशी त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून ते सांगितलं, मला ते बारकू असं ऐकू आलं आणि मी म्हटलं, बरं, बारकू. माझी सून मेघना भांडी विसळत होती. ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. कारण तो दारात उभा होता आणि त्याच्यामागे अंगण आहे की नाही ते दिसत नव्हतं.

पुढे मेघनाने त्याला बारकूचा अर्थ सांगितला. त्याने तो मान हलवून नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, लहानपणापासून मला हेच व्हायचं होतं.

आम्ही तेव्हा नेपरव्हिलला राहत होतो. माझा मुलगा सतीश शिकागोला ऑफिसला जायचा, मेघनाही नोकरी करायची, आणि मी दिवसभर घरात. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी नाही, आणि चारचौघांत बोलायची मला मराठीतही भीती. शेजारी डोरथीबाई एकट्या राहायच्या. बारकू त्यांचा नातू. त्याच्या वडिलांचा आयोवात गायींचा मोठा गोठा होता. हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आला आणि होस्टेलमध्ये राहिला. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याने खाट मोडली. दुसरी दिली, तीही मोडली. मग गादी जमिनीवर टाकून दिली, तर खालच्या मजल्यावरच्या मुलांनी तक्रार केली की वर काहीतरी कूस बदलतं. तेव्हा कॉलेजने त्याला आजीकडे पाठवलं.

डोरथीबाई चिमणीएवढ्या. संध्याकाळी अर्धी वाटी सूप आणि दोन बिस्किटं हे त्यांचं जेवण. तेच त्या नातवासमोर ठेवायच्या आणि वर विचारायच्या, जास्त नाही ना झालं?

त्याची माझी ओळख झाली ती साबुदाण्याच्या पापड्यांमुळे. तिकडे ऊन भरवशाचं असतं ते ऑगस्टपर्यंतच, म्हणून मी मागच्या लाकडी ओट्यावर प्लास्टिक पसरून पापड्या घातल्या होत्या. दुपारी परतवायला गेले तर अर्धं प्लास्टिक रिकामं आणि शेजारी हा मांडी घालायचा प्रयत्न करत बसलेला. अर्ध्या ओल्या पापड्या चिकट, चिवट, पोरं चोरून खातात तशा. तो डोळे मिटून खात होता. मला बघून घाबरून उठला, तेव्हा ओट्याची एक फळी वाजली. तो फळीला सॉरी म्हणाला, मग मला म्हणाला. दारात येऊन नाव सांगितलं ते त्याच संध्याकाळी.

ही त्याची सवयच होती. ज्याला धक्का लागेल त्याला सॉरी म्हणायचं. खुर्चीला, दाराला, फ्रिजला. दार तो एका बोटाने लावायचा. छत उंच असलं तरी वाकूनच आत यायचा. आणि मी बोलायला लागले की गुडघे वाकवून, एक मूठ जमिनीवर टेकवून खाली व्हायचा, कारण माझा आवाज वर त्याच्या कानापर्यंत पोचत नसे. मला वाटायचं हा नम्रपणा आहे. सतीश म्हणाला, "आई, ती त्याची खेळाची पोझिशन आहे. त्यांना असंच शिकवतात."

तो फुटबॉल खेळायचा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा संबंध फार थोडा. सतीशने मला समजावलं ते असं: चेंडू एकाच्या हातात असतो, त्याला पाडायला समोरचे धावून येतात, आणि मध्ये पाच आडदांड मुलं उभी असतात. त्यांनी चेंडूला हात लावायचा नाही. समोरच्याला ढकलायचं, पण धरायचं नाही. इशारा होईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही.

"मग ते करतात काय?" मी विचारलं.

"मध्ये येतात," सतीश म्हणाला.

मी बारकूकडे बघितलं. स्वयंपाकघरात तो सकाळपासून तेच करत होता. मी ओट्याकडे निघाले की मध्ये बारकू, फ्रिजकडे वळले की मध्ये बारकू. "अरे, मधेमधे येऊ नकोस," असं मी त्याला किती वेळा म्हटलं असेल. मेघनाने त्याला त्याचा अर्थ सांगितल्यावर तो खूश झाला. हेच माझं काम, म्हणाला. तेव्हापासून घरात आला की छाती पुढे काढून सांगायचा, "माउशी, मधे आला." मावशी म्हणायलाही त्याला मेघनानेच शिकवलं होतं.

पहिला सामना बघायला आम्ही गेलो तेव्हा मुलांच्या डोळ्यांखाली काळं फासलेलं दिसलं. मला फार बरं वाटलं. परक्या देशात का होईना, एवढ्या लोकांसमोर पोरं उभी करायची तर दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची कोणालातरी बुद्धी झाली. मेघना म्हणाली, "आई, ते ऊन डोळ्यांवर चमकू नये म्हणून लावतात." लावत असतील. बारकूला काही लावलेलं नव्हतं. तो बाहेर बाकावर बसला होता, आणि बाकाच्या त्या टोकाला दुसरं कोणी बसत नव्हतं.

तो आणि कर्टिस नावाचा दुसरा मुलगा, दोघेही पहिल्या वर्षाचे. त्या पाच जणांतल्या एका मोठ्या मुलाचा गुडघा गेला होता आणि त्याची जागा या दोघांतल्या एकाला मिळणार होती. कोचने सांगितलं होतं, दोघेही हडकुळे आहात. हडकुळे. मी मेघनाला पुन्हा विचारलं, पण तिने तोच शब्द सांगितला. जो अंग धरेल आणि सरावात टिकेल तो खेळेल.

घरी आमच्या वजनकाट्यावर बारकू उभा राहिला की काटा सबंध फिरून परत सुरुवातीला यायचा आणि तान्ह्या बाळाचं वजन दाखवायचा. "बघ, खरंच बारकू," मेघना म्हणायची.

पण गंमत तेवढ्यापुरतीच. त्याच्या वडिलांचा डोरथीबाईंना फोन आला होता. पोरगा शेवटच्या सामन्यापर्यंत मैदानात उतरला नाही तर मी ट्रक घेऊन येतो, ते म्हणाले होते. नुसतं उभंच राहायचं असेल तर गोठ्यात येऊन उभा राहा, तिथे निदान गायी ओळखतात. बारकूला परत जायचं नव्हतं. गायींवर त्याचा राग नव्हता. पण कॉलेजात त्याला खगोलशास्त्राचा एक तास होता आणि तो त्याला आवडायला लागला होता. आकाशातल्या गोष्टी आपल्यापेक्षा मोठ्या असतात, म्हणायचा, तिथे बरं वाटतं.

गुरुवारी माझा उपास. त्या दिवशी तो आला तेव्हा मी खिचडी करत होते. त्याला बशीत दिली, मग ताटात दिली, मग कढईच त्याच्यापुढे ठेवली. खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, हे रोज का करत नाही? सतीश म्हणाला, आईचा आज उपास आहे, म्हणून केलंय. बारकूने कढईकडे बघितलं. त्यात तूप होतं, शेंगदाणे होते, बटाटे होते.

"उपास म्हणजे हे?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि आणखी कधी असतो?"

सतीशने भिंतीवरचं मराठी कॅलेंडर दाखवलं. संकष्टी, एकादशी, सोमवार. बारकू त्या कॅलेंडरपुढे मूठ टेकवून बसला तो बराच वेळ उठला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज दारातून मान आत घालून विचारायचा, "माउशी, आज उपास?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. त्या दिवशी नुसती पोळी-भाजी, वरण-भात मिळायचा ना.

ऋषीपंचमीला मी त्याला मेघनाकडून सांगितलं, आज बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. तो गोठ्यातला मुलगा, त्याने गंभीरपणे विचार केला. आमच्याकडे बैल नाहीत, म्हणाला, सगळं ट्रॅक्टरवर. म्हणजे ट्रॅक्टरचं चालतं का? मेघनाने माझ्याकडे बघितलं, मी सतीशकडे. शास्त्रात ट्रॅक्टरचं काही सांगितलेलं नाही. तेव्हा अमेरिकेतलं सगळंच अन्न ऋषींना चालतं असा निकाल लागला, आणि तो घरून आलेल्या मक्याच्या कणसांचं पोतं घेऊन आला.

मग नवरात्र आलं. मी नऊ दिवस उपास करते हे कळल्यावर त्याने माझे हात हातात घेतले.

चूक झाली ती तिथे. त्याने सरावाला जाऊन कोचना अभिमानाने सांगितलं, आजपासून मी नऊ दिवस उपास करणार आहे, देवीचा. कोचना तो शब्द जसा ठाऊक होता तसा त्यांनी ऐकला. पाचव्या माळेला ते स्वतः आमच्या दारात.

कोचसाहेब बुटके होते, डोकं आणि मान एकाच मापाची, गळ्यात शिट्टी. समोर बसलेल्या माणसाशीही मैदानाच्या पलीकडे असल्यासारखे बोलायचे. आम्हाला तुमच्या धर्माचा पूर्ण आदर आहे, ते ओरडून म्हणाले, पण मुलगा उपाशीपोटी मरेल. मी आत पळाले. घरी माणूस आलाय, संध्याकाळची वेळ, मला एकच सुचलं. ताट वाढलं. राजगिऱ्याच्या पुऱ्या, वरीचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर. बारकूचं ताट आधीच चालू होतं.

"किती दिवस उपाशी आहे हा?" कोचनी विचारलं.

"आज पाचवा," सतीश म्हणाला.

कोचनी बारकूच्या ताटाकडे बघितलं. "मग हे काय?"

"उपासाचं."

"म्हणजे उपास सुटल्यावर खायचं?"

"नाही, उपासात खायचं."

कोचनी एक पुरी खाल्ली. मग म्हणाले, "तुम्ही सोडता काय नेमकं?"

"गहू, तांदूळ, डाळ," सतीश म्हणाला. "कांदा, लसूण. कोथिंबीर."

"कोथिंबीर चालते," मेघना म्हणाली.

"आमच्याकडे नाही चालत."

"मग या आमटीत काय घातलंय आईंनी? आमच्याकडे तर जिरंही चालत नाही."

"जिरं चालतं गं, काहीतरीच काय."

"तुमच्याकडे सगळंच चालतं. भेंडीसुद्धा."

"भेंडी कधी चालली?"

कोच एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. माझ्या खेळात इतके नियम नाहीत, ते म्हणाले, आणि ताट पुढे केलं. जाताना त्यांनी दारात सतीशला विचारलं, या नऊ दिवसांनंतर पुढचा उपास कधी आहे? लवकर असेल तर बरं.

हे इथेच संपलं असतं. पण कर्टिसला कळलं की बारकूचं वजन उपासाने वाढतंय. तो सरळ मुलगा, आणि त्याच्या घरी उपास म्हणजे नुसतं पाणी. त्याने कोणाला न विचारता तसा उपास धरला. दोन दिवसांनी सरावात तो एकटाच, कोणी धक्का न देता, आडवा झाला. आणि बारकूने काय करावं? त्याला खांद्यावर टाकला आणि माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवला, बाजारातून भोपळा आणावा तसा.

"अरे, हा तुझा कॉम्पिटिटर ना?" मेघना म्हणाली.

बारकू म्हणाला, हो, पण हा चुकीचा उपास करतोय.

कर्टिस हिरवं काही खात नसे आणि नाव ठाऊक नसलेलं काही खात नसे. बारकूने प्रत्येक पदार्थ त्याच्यासमोर धरून त्याचं नाव सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं आणि मग घास खायला लावला. नंतर दोघे रोज यायला लागले. खुर्च्यांची आशा आम्ही सोडली होती. सतरंजी घालायचो. दोघे समोरासमोर पाय पसरून बसले की मला ओट्यापासून फ्रिजपर्यंत जायला हॉलमधून फेरी मारावी लागे. एक मधे आला, दुसरा आणखी मधे.

कर्टिसच्या अंगाला माझं जेवण जास्त लागलं. काहींना लागतं. थंडी पडायला लागली तेव्हा कोचनी जागा कर्टिसला दिली.

हे सांगायला बारकू स्वतः आला. गुरुवार होता. कर्टिस किती छान ढकलतो हे त्याने मेघनाला बराच वेळ सांगितलं, हातांनी दाखवलं. मी खिचडी वाढली. त्याने एक ताट खाल्लं, दुसऱ्या वेळी मी डाव पुढे केला तेव्हा ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "पुरे, माउशी." हा शब्द त्याला येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी त्याचे वडील ट्रक घेऊन आले. बारकूपेक्षा अंगाने थोडे लहान, पण तसेच रुंद, डोक्यावर टोपी. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. डोरथीबाईंच्या घरातून बारकूच्या पेट्या आणल्या, ट्रकमध्ये रचल्या, दोरीने बांधल्या. बारकू पेट्यांना हात लावायला गेला तर म्हणाले, तू सामन्याला जा, उशीर होईल. दोरी त्यांनी फार घट्ट बांधली होती.

मैदानात मी त्यांच्या शेजारी बसले. पलीकडे सतीश, मेघना आणि घोंगडीत गुंडाळलेल्या डोरथीबाई. थंडी इतकी की बोटं वाकत नव्हती. सामना मला कळत नव्हता. चेंडू कुठे आहे हे मला कधीच दिसत नसे. सगळे ओरडायचे तिकडे बघेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असायचा. म्हणून मी आपली बाकाजवळच्या बारकूकडे बघत बसायची. तो मूठ जमिनीवर टेकवून बसला होता, जसं काही जमीनच त्याला काहीतरी सांगत होती.

सामना संपत आला. मी डबा काढून बारकूच्या वडिलांपुढे धरला. त्यांनी झाकण उघडलं, ते थंडीने हातातून निसटलं आणि बाकाखाली घरंगळत गेलं. ते वाकून शोधायला लागले. तेवढ्यात मैदानावर कर्टिस पोटरी धरून बसला. पेटका आला असणार. त्याला बाजूला नेलं आणि बारकू आत गेला.

तो पाच जणांत जाऊन खाली झाला. हलला नाही. मग सगळे एकदम हलले, चेंडू डावीकडे गेला, सगळं मैदान उठून डावीकडे ओरडायला लागलं. बारकू उजवीकडे होता. समोरच्या मुलाच्या छातीवर त्याने दोन्ही तळवे ठेवले आणि निघाला. तो मुलगा मागे मागे, बारकू पुढे पुढे. रेघ ओलांडली. बाकं ओलांडली. तिथे पाण्याच्या पेल्यांचं टेबल होतं, ते पडलं. शिट्टी केव्हाच वाजून गेली होती, पण हा चालतच होता, आणि शिट्टीवाला माणूस त्याच्यामागे पळत होता. शेवटी बारकू थांबला, त्या मुलाला हात देऊन उठवलं, आणि माझी खात्री आहे, टेबलाला सॉरी म्हणाला. तोवर कर्टिस लंगडत परत आला होता. बारकूला बाहेर बोलावलं. मग सामना संपला.

बारकूचे वडील झाकण घेऊन वर आले. "तो आत गेला होता का?" त्यांनी विचारलं. बाकाजवळ बारकू आधीच्या जागी नाही हे त्यांना दिसलं असावं.

सतीश म्हणाला, मी चेंडूकडे बघत होतो. मेघनाही चेंडूकडेच बघत होती. डोरथीबाई म्हणाल्या, तो कर्टिस होता. मागच्या रांगेतल्या एका माणसाला विचारलं, तो म्हणाला, कोण बार्कर?

मी सतीशच्या बाहीला धरलं, पण तो ऐकेना. तेव्हा मी उठले. एवढ्या लोकांत उभी राहिले आणि म्हणाले, "येस." हे त्यांना पुरेसं वाटलं नाही. मग मी त्यांच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि ढकललं.

"आई!" सतीश म्हणाला.

ते बाकावर बसले. मी पुन्हा ढकललं. मग पडलेल्या टेबलाकडे बोट दाखवलं.

त्यांनी टेबलाकडे बघितलं. दोन माणसं पेले गोळा करत होती. "तिथपर्यंत?" ते म्हणाले. मी मान हलवली. ते बराच वेळ मोजत असल्यासारखे त्या रेघेपासून टेबलापर्यंत बघत राहिले. मग हातातलं झाकण डब्याला लावलं, आतलं काही न खाताच.

बारकूला मी शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी. त्याच आठवड्यात सतीशच्या नोकरीमुळे आम्ही दूर फ्रीमाँटला आलो, डोरथीबाई पुढच्या वर्षी वारल्या आणि मग कोणाचं काही कळलं नाही. मी खिडकीत भांडी पुसत होते. बारीक बर्फ पडायला लागला होता. बारकू ट्रकशेजारी उभा होता, केस ओले. त्याचे वडील घरातून आले. त्याच्यासमोर उभे राहून त्यांनी दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवले आणि ढकललं. तो हलला नाही. त्यांनी टोपी काढून ट्रकच्या टपावर ठेवली, पाय रोवले आणि पुन्हा ढकललं, सगळ्या अंगाने. त्यांचेच बूट मागे घसरत गेले, बर्फात दोन लांब रेघा उमटल्या. बारकू तिथेच. त्याचा चेहरा काळजीत होता, की वडिलांना लागलं तर नाही.

मग त्याच्या वडिलांनी हात झटकले, ट्रकच्या मागच्या बाजूला गेले आणि दोरी सोडायला लागले.